कौन्सिलांतून न्यायासनावर
न्यायमूर्ति काशिनाथ त्रिंबक तेलंग

गेल्या दिवाळींत तिवशास आमच्या घरीं सारीं माणसें जमलीं असतां, अमरावतीस कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आमच्या भाच्यानें जेवणानंतर एक प्रश्न पुढें टाकला. विधिमंडळांत एका पक्षाच्या बाजूनें हिरिरीनें भांडलेला मनुष्य पुढें न्यायाधीश झाला, तर त्याच्या हातून निःपक्षपाती न्याय होईल काय? पानाचा डबा मध्यें आला आणि वाद रंगला. कोणी म्हणालें, ज्यानें कायदा घडविला त्याच्याइतका तो दुसऱ्या कोणास कळणार? कोणी म्हणालें, एकदां जी बाजू धरली ती मनांतून कशी सुटेल? आत्याबाई इतका वेळ एका बाजूस वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, सासरीं गेलेली मुलगी सासरची होते, म्हणून काय माहेर विसरते? ती तिथें कशी वागते तेवढें पाहावें." भाचा हंसला, पण आम्हांस आत्याबाईंची कसोटी रास्त वाटली, आणि तिच्यावर घासून पाहण्याजोगें एक चरित्र लागलींच आठवलें.

तें चरित्र मुंबईचें आहे, वऱ्हाडचें नव्हे. आणि त्यास कारण आहे. १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलेला वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीनें ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग कधींच झाला नाहीं. १९०३ त तो मध्यप्रांतास जोडला गेला. मध्यप्रांताचें कायदेकौन्सिल सुरू व्हावयास १९१४ साल उजाडलें, आणि पुढें निवडणुका आल्या तेव्हांही वऱ्हाडच्या मतदारांनीं निवडून दिलेल्या गृहस्थांची सरकारनें पुन्हा नेमणूक केल्यावांचून त्यांस कौन्सिलांत बसतां येत नसे. नागपुरास हायकोर्ट झालें तें १९३६ त; तोंपर्यंत न्यायिक कमिशनरच्या कोर्टावर भागवावें लागे. जेथें कौन्सिल नाहीं आणि हायकोर्टही नाहीं, तेथें एकांतून दुसऱ्यांत जाणार कोण? आमचे दादासाहेब खापर्डे गेले ते अगदीं उलट वाटेनें: १८८५ पासून १८९० पर्यंत मुन्सफ व असिस्टंट कमिशनर, मग अमरावतीची वकिली, मग राजकारण, आणि उतारवयांत दिल्लीचें कौन्सिल ऑफ स्टेट.

तरी या वाटेचा एक थोर प्रवासी अमरावतीनें आपल्या डोळ्यांनीं पाहिला होता. डिसेंबर १८९७ त राष्ट्रीय सभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें, तेव्हां स्वागतमंडळाचे अध्यक्ष खापर्डे होते आणि सभेचे अध्यक्ष होते मद्रासचे चाळीस वर्षांचे वकील सी. शंकरन् नायर. लोकमान्य तुरुंगांत होते, आणि पुण्याच्या नातू बंधूंस चौकशीवांचून अडकवून ठेविलें होतें. त्याचा निषेध याच मंडपांत झाला. नायर यांनीं १८९० त मद्रासच्या कौन्सिलांत मलबारच्या मातृवंशीय हिंदूंच्या विवाहास कायद्याची मान्यता मिळावी म्हणून बिल आणलें होतें, व त्यांतून १८९६ चा कायदा निघाला. १९०८ त ते मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. पुढें व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले आणि पंजाबांतील अत्याचारांच्या निषेधार्थ १९१९ त राजीनामा देऊन बाहेर पडले. परंतु नायर न्यायासनावर बसले त्याच्या एकोणीस वर्षें आधींच मुंबईंत एक महाराष्ट्रीय गृहस्थ हीच वाट चालून गेले होते. ते म्हणजे काशिनाथ त्रिंबक तेलंग.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० चा, मुंबईंतल्या एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबांतला. जन्मदाते वडील बापू रामचंद्र. परंतु निपुत्रिक चुलते त्रिंबकराव यांनीं त्यांस दत्तक घेतलें, म्हणून काशिनाथ त्रिंबक. दोघे बंधु एकत्र राहत. तेव्हां एकत्र कुटुंब, दत्तविधान, वडिलार्जित मिळकत हे विषय त्यांस पुस्तकांत भेटण्यापूर्वीं घरांतच भेटले होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

त्यांच्या विद्वत्तेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांत ते संस्कृतांत चमकले, आणि १८७२ त हायकोर्टाच्या मूळ शाखेंत ॲडव्होकेट झाले. रामायण होमरवरून उचललें आहे असें जर्मन पंडित वेबर यानें सुचविलें, तेव्हां वयाच्या तेविसाव्या वर्षीं त्यांनीं त्याचें सप्रमाण खंडन केलें. भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं दोनदां केलें, १८७५ त पद्यांत आणि १८८२ त मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेसाठीं गद्यांत. भर्तृहरीचीं दोन शतकें व मुद्राराक्षस यांच्या त्यांच्या आवृत्त्या विद्यार्थ्यांनीं कित्येक वर्षें वापरल्या. मराठींतही लेसिंग या जर्मन नाटककाराचें नाटक त्यांनीं आणलें. आम्हांस येथें प्रयोजन आहे तें इतकेंच, कीं कोर्टांत मिताक्षरेचें वचन निघालें म्हणजे त्यांस शास्त्र्याच्या किंवा इंग्रजी भाषांतराच्या तोंडाकडे पाहावें लागत नसे.

१८८४ त सरकारनें त्यांस मुंबईच्या कायदेकौन्सिलावर नेमलें. आजच्या विधानसभेच्या कल्पनेनें त्या कौन्सिलाकडे पाहिल्यास फसगत होईल. सभासद सारे नेमलेले. प्रश्न विचारण्याची सोय नाहीं. अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा नाहीं. सरकार जें बिल पुढें ठेवील त्यावर बोलावें, कलमें तपासावीं, दुरुस्त्या सुचवाव्या आणि बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचें असल्यामुळें बहुधा हरावें, असा तो व्यवहार होता. अशा ठिकाणीं उपयोगी पडतो तो वाक्पटु नव्हे, तर कलम वाचणारा. तेलंग कलम वाचणारे होते. मुंबई शहराच्या म्युनिसिपालिटीचा जो कायदा १८८८ त झाला, त्याच्या मूळ मसुद्यांत सारी सत्ता कमिशनरच्या व सरकारच्या हातीं राहील अशी योजना होती. फेरोजशहा मेहता आणि तेलंग यांनीं चिकाटीनें झगडून निवडलेल्या सभासदांच्या कॉर्पोरेशनास त्यांत खरें स्थान मिळवून दिलें. तो कायदा, पुष्कळ दुरुस्त्या पोटांत घेऊन, आजही मुंबईंत चालू आहे.

आपण ज्या सभागृहांत बसतों तें अपुरें आहे, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? डिसेंबर १८८५ त गोकुळदास तेजपाल पाठशाळेंत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. तेथें कायदेकौन्सिलांत लोकनियुक्त सभासद पुष्कळ प्रमाणांत घ्यावे, अंदाजपत्रक त्यांच्यापुढें ठेवावें, त्यांस प्रश्न विचारतां यावे, हा ठराव मांडिला तो तेलंगांनीं. सरकारनियुक्त सभासदानेंच नियुक्तीची पद्धति मोडा म्हणावें, हें धैर्याचें काम होतें. पण त्यांच्या बोलण्यांत आवेशापेक्षां हिशेबच अधिक असे.

१८८९ त न्यायमूर्ति नानाभाई हरिदास यांची जागा रिकामी झाली आणि ती तेलंगांस मिळाली. वयाचीं चाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. एतद्देशीय मनुष्यास हायकोर्टाच्या न्यायाधीशाहून मोठा मान त्या काळीं ठाऊक नव्हता, आणि तो मिळाल्याचा आनंद सर्वत्र झाला यांत नवल नाहीं. परंतु त्या मानाची किंमत काय, हें त्याच वर्षाच्या अखेरीस उघड झालें. डिसेंबर १८८९ त राष्ट्रीय सभा पुन्हा मुंबईस भरली. चार वर्षांपूर्वीं जो ठराव तेलंगांनीं मांडिला तोच विषय पुन्हा पुढें आला. शहर तेंच, मित्र तेच, आणि मांडणारा मात्र दुसरा. न्यायाधीशानें राजकीय सभेंत ठराव मांडावयाचा नसतो. १८९२ त कौन्सिलांचा नवा कायदा झाला. अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा हक्क आला, आडवळणानें कां होईना पण निवडणुकीचें तत्त्व शिरलें, आणि मेहता त्या दारानें आंत गेले. ज्यानें दार ठोठावलें तो तोंवर दुसऱ्या घरचा झाला होता.

त्यांनीं ही न्यायाधीशी पत्करावयास नको होती असें म्हणणारे त्या वेळीं असतील, आणि आम्हांसही एकेकदां तसें वाटतें. मेहत्यांच्या जोडीस तेलंग आणखी दहा वर्षें राहते, तर मुंबईच्या राजकारणास पुष्कळ स्थैर्य येतें. परंतु न्यायासनावर त्यांनीं काय केलें तें पाहिलें म्हणजे ही हळहळ जराशी ओसरते.

१८९१-९२ च्या सुमारास हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढें एक खटला आला: आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी. कायद्याचीं पुस्तकें या खटल्यास आजही नांवानें ओळखतात. वाचकभगिनींस कंटाळा येऊं नये म्हणून त्यांतला प्रश्न घरगुती रीतीनें सांगतों. समजा, एका वाड्यांत दोघे भाऊ एकत्र राहतात. वडिलार्जित जमीन आहे. त्यांपैकीं एका भावाचा मुलगा मोठा होतो आणि म्हणतो, माझा हिस्सा मला वेगळा द्या. त्याचे वडील म्हणतात, मला भावापासून विभक्त व्हावयाचें नाहीं. आतां त्या मुलास, वडिलांची इच्छा नसतांना, वडिलांवर व चुलत्यांवर वाटणीची फिर्याद करतां येईल काय?

मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बापाच्या मरणाची त्यास वाट पाहावी लागत नाहीं. शिवाय, बापाची इच्छा नसली तरी आजोबांच्या द्रव्याची वाटणी पुत्राच्या इच्छेनें होऊं शकते, असें विज्ञानेश्वराचें वचनही आहे. तर मग अडचण कोठें? बहुतेक न्यायाधीशांचें मत असें पडलें, कीं बाप आपल्या बापापासून किंवा भावांपासून विभक्त झालेला नसेल, तर त्याच्या संमतीवांचून मुलास वाटणी मागतां येत नाहीं. जो स्वतः अजून एकत्र आहे त्याच्या मागून येणाऱ्यानें त्यास ओढून वेगळें काढूं नये. या मतांत व्यवहाराचें कांहींच तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? उठल्यासुटल्या नातवानें फिर्याद लावावी आणि तीन पिढ्यांचें घर कोर्टांत यावें, हें कोणास रुचेल?

तेलंगांनीं भिन्न मत दिलें. हक्क जन्मतः आहे असें एकदां मानलें, म्हणजे तो बजावण्यास दुसऱ्याची परवानगी लागते असें म्हणणें म्हणजे तो हक्क दिल्यासारखा करून काढून घेणें होय, असा त्यांच्या मताचा निष्कर्ष आहे. शास्त्रवचनाचा जो अर्थ त्यांस संस्कृतांतून दिसला, त्यावर ते उभे राहिले आणि सहकाऱ्यांपासून वेगळे पडले. अर्थात् निकाल बहुमताचाच झाला, आणि मुंबई इलाख्यांत तोच नियम पुढें कितीतरी वर्षें चालला. मद्रासच्या हायकोर्टानें मात्र १८९५ त पुत्राचा हक्क मान्य केला. तेलंग तें पाहावयास राहिले नव्हते. वऱ्हाडांतही हिंदुधर्मशास्त्राचा अर्थ महाराष्ट्र शाखेप्रमाणें लावीत, तेव्हां हा प्रश्न आमच्या वाड्यांतून परका होता असें समजण्याचें कारण नाहीं.

कौन्सिलांत बिल हाणून पाडणाऱ्यास मतें मोजावीं लागतात, मित्र जमवावे लागतात, कांहीं सोडून कांहीं पदरांत घ्यावें लागतें. न्यायासनावर एकट्याचें मतही छापलें जातें, आणि उद्यांच्या वकिलास तें हातीं धरतां येतें. कौन्सिलांत पांच वर्षें बहुमताशीं झुंजलेल्या मनुष्यास एकटें पडण्याची भीति वाटली नाहीं, यांत माहेरच्या वळणाचाच भाग होता असें आम्हांस वाटतें. परंतु त्यांनीं तेथें राजकारण आणलें नाहीं. आणलें तें कलम आणि वचन बारकाईनें वाचण्याचें शील.

आतां ज्या गोष्टीवरून तेलंगांस त्यांच्या हयातींत व नंतरही बोल लागला, ती सांगितलीच पाहिजे. बालविवाह अनिष्ट आहे, हें त्यांस मान्य होतें. शास्त्र आणि रूढि यांत बळकट कोण, या विषयावर त्यांनीं मराठींत निबंध लिहिला होता. सामाजिक सुधारणा आधीं कीं राजकीय आधीं, या वादावर १८८६ त व्याख्यान देतांना, जेथें विरोध कमी तेथून पुढें चला, असा त्यांचा सल्ला होता. आणि स्वतःच्या मुलीचा विवाह मात्र त्यांनीं बालवयांतच करून दिला. सुधारक मंडळींस तो मोठा धक्का बसला. ज्या न्यायमूर्तीनें पुत्रास बापाच्या संमतीवांचून हिस्सा मागतां येतो असें लिहिलें, त्यास स्वतःच्या घरांत वडीलधाऱ्यांच्या इच्छेवांचून मुलीचें लग्न पुढें ढकलतां आलें नाहीं!

या विसंगतीस दांभिकपणा म्हणणें सोपें आहे. आम्हीं तसें म्हणणार नाहीं, पण ती झांकणारही नाहीं. एकत्र कुटुंबांत ज्यानें दिवस काढले आहेत त्यास ठाऊक आहे, कीं तेथें हुकूम कोणी देत नाहीं आणि तरी तो मोडवत नाहीं. आईचा उतरलेला चेहरा, वडिलांचें न बोलणें, यांवर अपील चालत नाहीं. रानड्यांस याचा अनुभव होता. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्यानें १८७३ त, पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढें मान वांकवून अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें होतें. तेलंगांच्या मृत्यूनंतर १८९५ त त्यांच्या विचारपंथावर रानड्यांनीं जें व्याख्यान दिलें, त्यांत मित्राचें कौतुक आहे तशी ही दुखरी जागाही आहे. फरक एवढाच, कीं रानड्यांच्या घरीं आलेली ती मुलगी पुढें रमाबाई रानडे झाली. तेलंगांच्या मुलीच्या मनांत काय होतें, हें विचारण्याचें त्या काळीं कोणास सुचलें नाहीं.

शरीर त्यांचें पहिल्यापासून नाजूक. तशांत १८९२ त ते मुंबई विद्यापीठाचे व्हाइस-चॅन्सेलर झाले, हा मान मिळविणारे पहिलेच हिंदी गृहस्थ. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचें अध्यक्षपदही त्यांजकडे आलें, आणि मराठी बखरींतून समाजस्थितीविषयीं काय कळतें यावर त्यांनीं एक सुंदर निबंध वाचला, जो पुढें रानड्यांनीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथास जोडला. राजकारणाचें तोंड बंद झालें तरी बोलण्यासारखें पुष्कळ उरलें होतें. १ सप्टेंबर १८९३ रोजीं, त्रेचाळीस वर्षें पुरीं होऊन दोन दिवस झाले असतां, ते वारले.

त्यांची रिकामी जागा रानड्यांस मिळाली. रानडेही कायदेकौन्सिलावर नेमले गेलेले. पण त्यांचें सारें आयुष्य सरकारी न्यायखात्यांत गेल्यामुळें त्यांचें संक्रमण तितकें तुटक नव्हतें. १९०१ च्या जानेवारींत रानडे वारले आणि त्यांच्या जागीं नारायण गणेश चंदावरकर आले. त्यांनींही कौन्सिलाचें काम केलेलें, आणि अवघ्या कांहीं आठवड्यांपूर्वीं लाहोरास राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद भूषविलेलें! सभेच्या मंडपांतून जवळजवळ थेट न्यायासनावर. निवृत्तीनंतर १९२१ त सुधारलेल्या मुंबई कायदेकौन्सिलाचे ते अध्यक्ष झाले. म्हणजे माहेरीं परत आले, तेही वडीलधारे होऊन.

ही वाट पुढेंही चालू राहिली. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळांत मंत्री होते. १९६८ त केरळ हायकोर्टाचे आणि १९७३ त सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. अमेरिकेंत सँड्रा डे ओकॉनर या बाई ॲरिझोना संस्थानच्या सेनेटांत बहुमतवाल्या पक्षाच्या पुढारी होत्या. तेथून खालच्या कोर्टांत, आणि १९८१ त तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री-न्यायाधीश. आपल्या राज्यघटनेनें मात्र दोन घरांमध्यें एक कुंपण घातलें आहे: न्यायाधीशानें न्यायदानाच्या कामीं काय केलें, याची चर्चा राज्याच्या विधिमंडळांत करतां येत नाहीं.

हें सारें टिपण आम्हीं पुन्हा तिवशास गेलों तेव्हां आत्याबाईंस वाचून दाखविलें. आज येथल्या शेताच्या वाटणीचा तंटा अमरावतीच्या कोर्टांतून वर गेला, तर तो मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढें जातो. म्हणजे तेलंग ज्या हायकोर्टांत बसत त्याच हायकोर्टापुढें, हें ऐकून त्यांस गंमत वाटली. मग त्यांनीं विचारलें, "सगळें मुलाचेंच चाललें आहे. मुलीचें काय?"

भाचा म्हणाला, मुलीचा जन्मसिद्ध हक्क ना बहुमतांत होता, ना तेलंगांच्या भिन्न मतांत. शास्त्रांतच नव्हता तो न्यायाधीश कोठून काढणार? तो विधिमंडळानें दिला. महाराष्ट्रांत १९९४ त. पण २२ जून १९९४ पूर्वीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळल्या. मग २००५ त संसदेनें विवाहित-अविवाहित हा भेद काढून टाकला. आणि बाप २००५ त हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मतःच आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० त ठरविलें.

आत्याबाईंचें लग्न १९९४ च्या फार आधींचें. त्यांनीं बोटांवर कांहींतरी मोजलें, आणि मोजून झाल्यावर तो विषय सोडून दिला. वातींचा पुडा जवळ ओढीत त्या म्हणाल्या, "तो आपाजी मग शेवटीं हरलाच कीं रे?"

"हो, आत्या. हरला," भाचा म्हणाला.